पूंपुहार: समुद्राने गिळलेले नगर की भातशेतीखाली गाडलेले?

तामिळनाडूच्या किनाऱ्यावर, कावेरी नदी जेथे बंगालच्या उपसागराला मिळते तेथे, पूंपुहार, वाणगिरी आणि चिन्नवाणगिरी ही मच्छीमारांची गावे आहेत. येथे ओहोटीच्या वेळी पाणी मागे सरले की वाळूतून भाजलेल्या मातीची मोठी कडी डोके वर काढतात. एकावर एक अशी कडी रचून बांधलेल्या या प्राचीन विहिरी होत. गोड्या पाण्याची विहीर भरतीच्या लाटांखाली येणाऱ्या जागी कोणी खोदत नाही. ज्यांनी त्या खोदल्या त्यांची घरे विहिरींच्या अवतीभोवती होती आणि समुद्र तेथून दूर होता, एवढा निष्कर्ष काढण्यास पुरातत्त्वज्ञ असण्याचीही आवश्यकता नाही.

प्रारंभीच्या चोळ राजांचे बंदर आणि एके काळची राजधानी असलेले कावेरीपूंपट्टिनम ऊर्फ पुहार ते याच ठिकाणी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हा भाग पूर्वी तंजावूर जिल्ह्यात होता. १९९१ मध्ये तो नव्या नागपट्टिनम जिल्ह्यात गेला आणि २०२० मध्ये मयिलाडुदुरै जिल्ह्यात समाविष्ट झाला. मराठी वाचकांना हा मुलूख परका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तंजावूरच्या गादीवर भोसले घराणे होते आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशावर, निदान प्रारंभीच्या शतकात, त्यांचेच शासन होते.

पुहारविषयी सांगितली जाणारी कथा एका वाक्याची आहे: समुद्राने एका रात्रीत नगर गिळले. गेल्या सहा दशकांत जमिनीवर आणि पाण्याखाली जे आढळून आले आहे, त्यातून मात्र या एका वाक्याहून बरेच निराळे चित्र उभे राहते.

आधी नाव, मग माती

ज्या नगरांची नावे ग्रंथांतून आधी कानावर पडतात आणि अवशेष नंतर हाती लागतात, त्यांच्या शोधाला एक विशिष्ट धोका असतो. याचे सर्वपरिचित उदाहरण आजच्या इराकमधील असिरियाचे आहे. निनेवे हे नाव बायबलमुळे युरोपला शतकानुशतके ठाऊक होते. ऑस्टिन हेन्री लेयार्ड यांनी १८४५ मध्ये टायग्रिसकाठच्या निमरूद येथील टेकाडावर उत्खनन सुरू केले, तेव्हा आपणास निनेवेच सापडले अशी त्यांची समजूत झाली आणि १८४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या शीर्षकातही त्यांनी निनेवेचेच नाव घातले. पुढे कीलाक्षरांचे वाचन झाले आणि निमरूद म्हणजे कालहू हे असिरियाचे दुसरेच राजनगर असल्याचे स्पष्ट झाले. निनेवे मोसुलसमोरच्या कुयुंजिक टेकाडाखाली होते. सारांश, प्रसिद्ध नाव मनात धरून खणणाऱ्याला ते नाव कोठेही दिसू शकते.

पुहारच्या बाबतीत तर नावाचा प्रभाव अधिकच आहे. 'पट्टिनप्पालै' या संगमकालीन दीर्घ काव्यात या बंदराचे वर्णन आले आहे. समुद्रमार्गे आलेले घोडे, गाड्यांतून आलेली मिरी, उत्तरेच्या पर्वतातील रत्ने व सोने, पश्चिमेच्या डोंगरांतील चंदन व अगरू, दक्षिण समुद्रातील मोती, पूर्व समुद्रातील पोवळी, तसेच गंगेच्या खोऱ्यातील आणि ईळम म्हणजे श्रीलंकेतील माल येथे उतरत असे, अशी जंत्रीच कवीने दिली आहे. मालावर वाघाचे राजचिन्ह उमटवून जकात घेणारे अधिकारीही त्या काव्यात भेटतात. 'शिलप्पदिकारम'मधील कोवलन आणि कण्णगी हे दांपत्य याच नगरातले. त्या महाकाव्यानुसार पुहारचे दोन भाग होते. समुद्राकडचे मरुवूरपाक्कम हे व्यापारी, कारागीर व यवनांच्या वस्तीचे, तर आतल्या बाजूचे पट्टिनप्पाक्कम राजा, ब्राह्मण आणि धनिकांचे. दोहोंच्या मध्ये मोठा बाजार भरत असे.

तमिळेतर साधनेही आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक नाविकाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात पूर्व किनाऱ्यावरील कामारा या बंदराचा उल्लेख आहे. सोपारा, कल्याण आणि तगर म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, यांची नावे ज्या ग्रंथामुळे महाराष्ट्राच्या इतिहासाला परिचित झाली, तो हाच ग्रंथ. कामारा म्हणजे कावेरीपट्टिनम असे बहुतेक अभ्यासक मानतात. टॉलेमीच्या भूगोलातील खाबेरिस या बाजारपेठेचे नाव तर कावेरीशी उघडच जुळते.

नगर बुडाल्याची कथा 'मणिमेकलै' या बौद्ध महाकाव्यात येते. राजपुत्र हरवल्याच्या शोकात राजाने इंद्रोत्सव साजरा केला नाही. त्यामुळे देवता कोपली आणि समुद्राने नगर ग्रासले, असे त्यात म्हटले आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हे महाकाव्य आहे, घटनेची नोंद नव्हे. मात्र समुद्र आत येतो आणि वस्ती नेतो हा अनुभव ऐकणाऱ्यांना अपरिचित असता तर कथा टिकलीच नसती.

भातखाचरांतले खड्डे

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने १९६० च्या दशकाच्या आरंभी येथे उत्खननास सुरुवात केली आणि ते टप्प्याटप्प्याने १९७३ पर्यंत चालले. के. व्ही. सौंदरराजन यांचा या उत्खननांवरील सविस्तर अहवाल मात्र १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन दशकांचा हा विलंब आपल्याकडील पुरातत्त्व क्षेत्रात अपवादात्मक नाही, पण त्या काळात पुहारविषयीच्या आख्यायिकांना मोकळे रान मिळाले हेही खरे.

मेसोपोटेमियातील नगरे कच्च्या विटांच्या ढिगाऱ्यांवर पुन:पुन्हा वसली. त्यामुळे सपाट मैदानात त्यांची टेकाडे दुरूनच नजरेत भरतात. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात असे काही नाही. नदीने दरवर्षी आणलेल्या गाळाने सारे सपाट केले आहे. वर भातशेती, नारळाच्या बागा, देवळे आणि नांदती गावे आहेत. थोडे खोल गेले की पाणी लागते. अशा ठिकाणी संपूर्ण नगर उघडे करणे शक्य नसते. गावकऱ्यांच्या शेतांमधून, मंदिरांच्या आवारालगत, जेथे जागा मिळेल तेथे मर्यादित खड्डे घेणे एवढेच हाती राहते. पुहारचे चित्र म्हणूनच अनेक गावांतील तुकडे जोडून तयार झाले आहे.

यापैकी सर्वांत महत्त्वाचा तुकडा कीळैयूर येथे मिळाला. येथे मोठ्या आकाराच्या विटांचा एक भक्कम चौथरा उघडकीस आला आणि त्यालगत लाकडी खुंट उभे असल्याचे दिसून आले. हा नदीच्या जुन्या प्रवाहाकाठचा धक्का असून खुंट नावा बांधण्यासाठी असावेत, असे उत्खनकांचे मत पडले. खुंटाच्या लाकडाचे कार्बन पद्धतीने केलेले कालमापन इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या आसपासचे आले. अशा मापनात शंभरएक वर्षांची मागेपुढे सूट धरावी लागते. तरीही पुहारच्या प्राचीनत्वाचा हा आजवरचा सर्वांत भरवशाचा पुरावा होय, कारण लाकूड आपल्या मूळ जागी, बांधकामाच्या सान्निध्यात सापडले होते.

वाणगिरी येथे जलाशयात नदीचे पाणी आत घेण्यासाठी केलेल्या विटांच्या बांधकामाचा भाग सापडला. पल्लवनेश्वरम येथे विटांचा बौद्ध विहार आणि त्याशेजारी मंदिर उजेडात आले. ते इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकातील मानले जाते. तेथेच चुनखडकाच्या शिळेवर कोरलेले बुद्धपाद मिळाले. चौकोनी तांब्याची चोळ नाणी, रोमन नाणी, मणी आणि आतल्या बाजूस बारीक दातेरी चाकाने नक्षी काढलेली तकाकीदार भांडी निरनिराळ्या ठिकाणी आढळली. ही भांडी पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडू येथे १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी केलेल्या उत्खननामुळे प्रसिद्धीस आली. व्हीलर यांना ती भूमध्य समुद्राकडून आलेली वाटली होती. ती भारतातच घडविली जात, हे पुढील संशोधनातून पुढे आले आहे.

गावांची नावेही काही सांगतात. मेलैयूर म्हणजे पश्चिमेचे गाव आणि कीळैयूर म्हणजे पूर्वेचे गाव. जवळच मणिग्रामम नावाचे खेडे आहे. मणिग्रामम हे दक्षिण भारतातील एका बलाढ्य व्यापारी श्रेणीचेही नाव होते. थायलंडच्या किनाऱ्यावरील ताकुआ पा येथे मिळालेल्या नवव्या शतकाच्या तमिळ शिलालेखात एका तळ्याच्या रक्षणाच्या संदर्भात या श्रेणीचा उल्लेख आहे. आज या खेड्यात बंदराची काही खूण नजरेस पडत नाही.

एका रात्रीत नगर बुडाले असते तर त्यानंतर तेथील कोणी काही लिहिले नसते. प्रत्यक्षात तसे झालेले नाही. पाली भाष्यकार बुद्धदत्त पाचव्या शतकाच्या सुमारास कावेरीपट्टनातील विहारात राहून ग्रंथरचना करीत होता आणि नगर संपन्न असल्याचे तो सांगतो. सातव्या शतकात शैव संतकवी संबंदर यांनी येथील पल्लवनेश्वराचे स्तवन रचले. ते मंदिर अद्याप पूजेत आहे. या पुराव्यांचा अर्थ असा की नगराचा एखादा भाग, बहुधा समुद्राकडचा, टप्प्याटप्प्याने नष्ट झाला आणि उरलेली वस्ती आत सरकत, आकसत, अखेर खेड्यांत विरून गेली. मरुवूरपाक्कम गेले, पट्टिनप्पाक्कमाची गावे झाली, असे म्हणता येईल.

तेवीस मीटर खोल

जमिनीवरील काम थांबल्यानंतर लक्ष समुद्राकडे वळले. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्व विभागाने या किनाऱ्याजवळ पाहणी हाती घेतली. लोथल आणि द्वारकेच्या संशोधनामुळे ख्यातनाम झालेले एस. आर. राव त्या कामाचे प्रमुख होते. १९९१ मध्ये सोनार यंत्रणेच्या साहाय्याने समुद्रतळाची पाहणी करीत असताना किनाऱ्यापासून सुमारे ५ किलोमीटरवर, सुमारे २३ मीटर खोलीवर, घोड्याच्या नालासारख्या आकाराची एक रचना आढळली. १९९३ मध्ये पाणबुड्यांनी ती पाहिली. तिचा परीघ सुमारे ८५ मीटर असून दोन बाजूंमधील अंतर १३ मीटरच्या आसपास असल्याची नोंद करण्यात आली.

हीच ती रचना, जिच्यामुळे पूंपुहारचे नाव जगभर गेले. ब्रिटिश लेखक ग्रॅहम हॅनकॉक यांनी २००१ मध्ये तेथे पाण्यात उतरून चित्रीकरण केले आणि २००२ च्या आपल्या पुस्तकात हिमयुगाच्या अखेरीस बुडालेल्या संस्कृतीचा पुरावा म्हणून ती मांडली. त्यामागचा तर्क सोपा आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. बर्फ वितळत गेले तशी ती चढत गेली. आज २३ मीटर पाण्याखाली असलेली जमीन दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी कोरडी असली पाहिजे. म्हणून त्यावरील बांधकाम तितकेच जुने.

या तर्काच्या पहिल्या भागात वावगे काही नाही. अडचण 'म्हणून' या शब्दात आहे. जमीन कधी कोरडी होती हे पाण्याच्या खोलीवरून ढोबळमानाने सांगता येते. तीवर उभी असलेली गोष्ट माणसाने बांधली की निसर्गाने, हे मात्र खोलीवरून सांगता येत नाही. त्या रचनेतून चुना, कोळसा, लाकूड वा खापर असे कालमापन करता येईल असे काही पुराव्यानिशी पुढे आलेले नाही. ती नैसर्गिक खडकाची असण्याची शक्यताही संशोधकांनी फेटाळलेली नाही. शिवाय त्रिभुज प्रदेशाची जमीन स्थिर नसते. स्वत:च्या गाळाच्या भाराने ती खचते, नदीचे मुख सरकते, वाळूचे बांध जागा बदलतात. खोलीचा हिशेब अशा ठिकाणी अधिकच जपून करावा लागतो.

याच काळात देशाला असाच दुसरा अनुभव आला. २००२ च्या जानेवारीत खंभातच्या आखातात नऊ हजार वर्षांपूर्वीचे नगर सापडल्याची घोषणा झाली. पुरावा होता समुद्रतळावरून खरवडून काढलेला लाकडाचा एक तुकडा. लाकूड जुने होते यात शंका नाही. पण भरती-ओहोटीच्या प्रचंड ओढीत ते कोठून वाहत आले आणि कोणत्या थरातले होते, हे सांगणे शक्य नव्हते. कीळैयूरचा खुंट आणि खंभातचा तुकडा यांतील फरक नेमका हा आहे.

२०२३ च्या आरंभी तिरुचिरापल्लीच्या भारतीदासन विद्यापीठातील अभ्यासकांनी समुद्रतळाच्या नकाशांच्या आधारे आणखी मोठा दावा मांडला. किनाऱ्यापासून ३० ते ४० किलोमीटरवर, ५० ते १०० मीटर खोलीवर बंदरसदृश रचना दिसत असून पुहार पंधरा हजार वर्षांपूर्वीचे असावे, असे त्यांचे म्हणणे होते. ध्वनिलहरींनी काढलेला नकाशा तळाचा उंचसखलपणा दाखवितो. बुडालेले नदीपात्र त्यात उत्तम दिसते. धक्का आणि दरी यांतील भेद करण्यासाठी मात्र कोणीतरी तेथवर जाऊन नमुना आणावा लागतो.

प्राचीनत्वाच्या या ओढीमागे आजचे राजकारण आणि अस्मिता आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. मदुरैजवळच्या कीळडी येथील कोळशाच्या नमुन्याचे वय इसवी सनापूर्वी ५८० च्या सुमाराचे असल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले, तेव्हा तामिळनाडूत त्याचे उत्साहाने स्वागत झाले. त्या आकड्यावरही वाद झाले. तथापि तेथे निदान खड्डा, थर आणि नमुना यांची नोंद चर्चेसाठी उपलब्ध होती.

किनाऱ्यालगतचे पाणी

खोल समुद्राच्या चर्चेत उथळ पाण्यातील शोध झाकले गेले आहेत. वस्तुत: नगराचा प्रश्न सुटण्याची अधिक शक्यता तेथेच आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे ए. एस. गौड आणि सुंदरेश यांनी किनाऱ्याच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात विटांची बांधकामे आणि कड्यांच्या विहिरी नोंदविल्या. ऐतिहासिक काळातील किनारा आजच्यापेक्षा समुद्राकडे बराच पुढे होता, असे या निरीक्षणांवरून दिसते. याच पाहणीत सुमारे १९ मीटर खोलीवर एक बुडालेले जहाजही सापडले. त्यावर लादलेल्या शिशाच्या लगडींवर १७९१ आणि १७९२ ही साले कोरलेली होती. पुहारशी त्याचा संबंध नाही. मात्र साल कोरलेली वस्तू मिळाली की वाद किती लवकर मिटतो, याचा हा नमुना म्हणावा लागेल.

समुद्र आत का येतो, याचे उत्तर कावेरीत आहे. त्रिभुज प्रदेश टिकतो तो नदीच्या गाळावर. लाटा जेवढी माती नेतात तेवढी नदीने आणून टाकली तर किनारा जागेवर राहतो. तिरुचिरापल्लीच्या वरच्या बाजूस कावेरीचा कोळ्ळिडम हा फाटा वेगळा होतो आणि पुराचे बहुतेक पाणी तोच वाहून नेतो. मूळ कावेरी मात्र शेकडो कालव्यांतून भातशेतीला वाटली जात जात पूंपुहारला पोहोचते, तेव्हा एखाद्या ओढ्याएवढी उरलेली असते. १९३४ मध्ये पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणात आणि वरच्या इतर धरणांत गाळ अडतो. ज्या पाण्याने तंजावूरला भाताचे कोठार केले, ते समुद्राशी झुंजायला शिल्लक राहत नाही.

याचा परिणाम पाहायचा तर पूंपुहारच्या दक्षिणेस थोड्या अंतरावरील तरंगंबाडी येथे जावे. डॅनिश व्यापाऱ्यांनी १६२० मध्ये तंजावूरच्या रघुनाथ नायकाकडून परवानगी मिळवून येथे किल्ला बांधला. पुढे तंजावूरच्या मराठा राजांनाही ते या जागेचे भाडे देत असत. किल्ल्याजवळच चौदाव्या शतकाच्या आरंभी पांड्य राजाच्या कारकिर्दीत उभारलेले मासिलामणिनाथाचे मंदिर आहे. त्याचा समुद्राकडील भाग लाटांनी कोसळला असून उरलेला वाचविण्यासाठी पुढे दगडांचा बांध घालावा लागला. सातशे वर्षांत एका मंदिराचे जे झाले, ते दोन हजार वर्षांत बंदराच्या वस्तीचे का झाले नसेल? त्यासाठी एका भयंकर रात्रीची गरज पडत नाही.

अर्थात तशा रात्रीही येऊन जातात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत त्या वेळच्या नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पूंपुहार आणि आसपासची मच्छीमार गावे त्याच जिल्ह्यात होती. मणिमेकलैमधील प्रसंग त्यानंतर या किनाऱ्यावर निव्वळ दंतकथा म्हणून ऐकला जात नाही. पुहारच्या इतिहासात अशी लाट येऊन गेली असण्याची शक्यता आहे. मात्र ती सिद्ध करायची तर गाळाच्या थरात खोल समुद्रातील वाळू आणि शंख-शिंपल्यांचा पट्टा शोधून त्याचे वय ठरवावे लागेल.

दरम्यान किनाऱ्यावर दगडांचे बांध पडत आहेत. मच्छीमारांची घरे वाचविण्यासाठी ते आवश्यक आहेत. परंतु अवशेष असलेल्या पट्ट्यावर दगडांचा ढीग पडला की खालच्या विटा पुन्हा हाती लागणे कठीण होते, आणि जेथे बांध नाही तेथे त्या लाटांनी सुट्या होतात. निमरूदमधील प्रासादाचे अवशेष २०१५ मध्ये अतिरेक्यांनी स्फोटकांनी उडविले, तेव्हा जगभर संताप व्यक्त झाला. वाणगिरीच्या वाळूत एखादी कड्यांची विहीर उन्मळून पडते त्याची वार्ता होत नाही.

तामिळनाडू पुरातत्त्व विभागाने २०२५ च्या सप्टेंबरमध्ये पूंपुहारजवळच्या समुद्रात नव्याने शोधकार्य सुरू केल्याचे जाहीर केले. घोड्याच्या नालासारखी ती रचना खडक आहे की बांधकाम, याचा निकाल तिच्या दगडांच्या सांध्यांची पाहणी करून आणि पायथ्याचा गाळ तपासून लागू शकतो. उथळ पाण्यातील विटांसाठी मात्र जहाजाचीही आवश्यकता नाही. विटांचे मोजमाप, त्यांचे स्थान आणि त्यांच्या फटींत अडकलेले लाकूड वा कोळसा यांची प्रत्येक ओहोटीला नोंद घेणारी माणसे तेथे हवी आहेत. कीळैयूरच्या चौथऱ्यालगत सापडलेल्या खुंटाच्या लाकडासारखा दुसरा नमुना किनाऱ्याच्या बाजूला मिळाला, तर मरुवूरपाक्कम केव्हा वसले आणि केव्हा ओस पडले हे सांगता येईल.